खडकावरची बैठक

खालापूर, जि. कुलाबा
ता. २५ जानेवारी १९६९

तीर्थस्वरूप नामदेवदादांस,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे कमळाकरचा, साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच घातला आहे. खऱ्या आठ अंगांपैकी पाचांना सध्या तुमची बहीण विठा निलगिरीचं तेल चोळते आहे.) तिकडे काश्मिरात बर्फ कमरेइतकं साचलं असेल, तरी पायमोजे दोन-दोन घालत जावेत. तुमच्या दाढेचं काय झालं? पलटणीचा डॉक्टर दाढ उपटताना कवायतीसारखं एक-दोन म्हणतो असं तुम्ही लिहिलंत, तेव्हापासून विठा रोज तुमच्या दाढेच्या नावाने दिवा लावते. इकडे सर्व खुशाल. भात झोडून झालं, वाल फुलला, म्हैस गाभण आहे, आणि मी सोमवारपासून कचेरीत गेलेलो नाही. त्याचं कारण सविस्तर लिहितो, कारण विठाच्या पत्रातून ते तुम्हाला कळलं तर त्यात माझी बाजू येणार नाही.

आपल्या पारूला कर्जतचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा जयराम, रेल्वेच्या सिग्नल खात्यात. वडील श्रीपतराव घाटात गाडीला मागून रेटा देणारं इंजिन चालवतात. (जन्मभर मागे राहून रेटल्यामुळे पुढच्याने शिट्टी दिल्याशिवाय हा माणूस बोलत नाही, आणि शिट्टी दिली तरी फारसा बोलत नाही.) मध्यस्थाने मला आधीच बजावलं होतं की यांनी दोन स्थळं मोडली आहेत. दोन्ही वेळा मुलगी पसंत होती, मुलीचा बाप पसंत पडला नव्हता. म्हणजे परीक्षा पारूची नव्हतीच, माझी होती. पारू मॅट्रिक एका दमात पास झाली. माझा परीक्षांचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. आणि पोरीला हा मुलगा मनापासून हवा होता. तोंडाने तिने काही सांगितलं नाही, पण त्याचा फोटो तिने तांदळाच्या डब्यात ठेवला होता आणि दिवसातून चार वेळा तांदूळ निवडायला घेत होती. इतका निवडलेला भात आमच्या घरात कधी शिजला नव्हता. माझ्यामुळे हे स्थळ मोडलं असतं तर मी तिला तोंड कसं दाखवलं असतं, सांगा.

श्रीपतरावांना नाद एकच, मासे धरण्याचा. तुम्हालाही आहे का, असं मध्यस्थाने मला विचारलं. नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मी सांगून बसलो की साधा गळ मी हातात धरत नाही. मी आपला काश्मिरी पद्धतीने, पिसांची नकली माशी पाण्यावर नाचवून, ट्राऊट धरतो. (ही सगळी माहिती तुमच्याच पत्रांतली. तुमची पत्रं मी किती मन लावून वाचतो, हे यावरून ध्यानात यावं.) आमच्या नदीत ट्राऊट कुठून आला, असं त्याने विचारलं, तेव्हा डोंगरावरचं गार पाणी वीजघरातून खाली येतं त्याबरोबर येतो, असंही मी सांगितलं. एकदा बोलायला लागलो की मला आतून कुणी थांबवत नाही.

मग तुमची मासे धरण्याची काठी काढणं भाग पडलं. मागच्या रजेत ती आमच्या माळ्यावर ठेवताना तुम्ही मला दोनदा सांगितलंत की हिला हात लावायचा नाही. मी लावला नाही. चंदरने काढली. (चंदर म्हणजे साजगावच्या कारखान्यातला फिटर, बौद्धवाडीतला, ज्याने तुम्हाला बुद्धिबळात सात वेळा हरवलं तो.) डबीतल्या तुमच्या पिसांच्या माश्या कसरीने खाऊन टाकल्या होत्या. चंदर म्हणाला, कारखान्यात मी साहेबाच्या घड्याळाची तबकडी बसवतो, माशीचं काय घेऊन बसलास. त्याने साध्या गळांवर दोऱ्याने पिसं बांधून सहा माश्या अशा झकास केल्या की एक माझ्या चहाजवळ पडली ती मी हाताने हाकलली. पिसं आमच्या शेजारणीच्या, गौराबाईच्या, कोंबड्याच्या शेपटीची होती. कोंबडा जिवंत होता आणि आहे, एवढं इथेच नमूद करतो. नंतर तीन दिवस मी अंगणात सराव केला. काठी मागे न्यायची, दोरी पाठीमागे सरळ होऊ द्यायची आणि मग पुढे झोकायची, असं तुम्ही लिहिलं होतं, पण पाठीमागे काय काय असू शकतं ते तुम्ही लिहिलं नव्हतं. विठाचं वाळत घातलेलं लुगडं मी दोनदा धरलं आणि म्हशीचं शेपूट एकदा.

आमच्या नदीची रीत तुम्हाला माहीत आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज लागली की खोपोलीच्या वीजघरातून आम्हाला पाणी, मुंबईला सुट्टी की आमची नदी घोट्याएवढी. आमच्या गावात सणवार कॅलेंडर बघून कळत नाहीत, नदी बघून कळतात. तेव्हा रविवारी, पौष संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, पाहुण्यांनी सकाळच्या एसटीने यावं, बायकांनी घरात बसावं, पुरुषांनी नदीच्या मधल्या खडकावर चालत जाऊन दोन तास काठी फिरवावी आणि अकराला पोहे व मुलगी, असा बेत मी आखला. चूक एवढीच झाली की संक्रांतीच्या सुट्टीचा बदली दिवस म्हणून निम्म्या गिरण्या त्या रविवारी चालू होत्या. हे आम्हाला मुंबईने कळवायला हवं होतं.

खडकावर आम्ही चौघे होतो: श्रीपतराव, मी, चंदर, आणि फराळाचा डबा उचलायला म्हणून आलेला शेजारचा पदू. थंडी अशी की श्रीपतरावांनी कोट, मफलर आणि वर लोकरीची कानटोपी घातली होती. मी पहिली फेक केली ती माझ्याच पाठीत आली. दुसरी पदूच्या धोतरात गेली. तिसरी मात्र अगदी तुम्ही लिहिता तशी गेली, मागे सरळ, पुढे सरळ, आणि पुढे जाताना श्रीपतरावांची कानटोपी घेऊन गेली. ती पाण्यावर छान तरंगली. मी म्हणालो, ट्राऊटला लोकर आवडते. श्रीपतराव म्हणाले, "अच्छा." एवढ्यात टोपी जरा जास्तच वेगाने निघाली, दोरीतून सुटून गेली, आणि पदूने काठाकडे बघून शांतपणे सांगितलं की आलो ती वाट आता दिसत नाही.

पाणी कमरेच्या वर होतं आणि ओढ भलती होती. चंदर आणि पदू दोघेही पोहणारे, पण आम्हा दोघांना टाकून जायला तयार होईनात. (पदूच्या बाबतीत डबाही त्याच्याकडेच होता.) श्रीपतरावांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं आणि खाली बसले. मी त्यांना समजावलं की काश्मिरात असंच बसतात. तासाभरात काठावर निम्मा गाव जमला, आणि त्या गर्दीतून गौराबाई पुढे आली. तिच्या काखेत कोंबडा होता, आणि कोंबड्याला मागची बाजू नव्हती.

"कमळाकर," ती ओरडली, "तुजा तो टराऊट गेला खड्ड्यात. माज्या कोंबड्याची शेपटी कुटं हाय, ते सांग."

पुढचं तिने गावाला उद्देशून सांगितलं. याने जन्मात मासा धरलेला नाय, हा लहानपणी म्हशीच्या डबक्यात बुडताना रडत होता तेव्हा मीच याला शेंडी धरून काढला, आणि आज हा कुणा पाहुण्याला घेऊन गंगेत उतरला हाय, असं सगळं खणखणीत आवाजात. पारू काठावरच उभी होती. तिचा चेहरा मी इतक्या लांबूनही पाहिला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता लपवून काय राहणार होतं? मी श्रीपतरावांकडे न बघता सांगून टाकलं, "मला पोहता येत नाही. मासा मी आजवर ताटातच धरला." श्रीपतराव यालाही "अच्छा" म्हणाले.

दुपारी एकला जेवण आलं. पारूने ट्रकची जुनी ट्यूब मिळवून त्यावर पातेलं बांधलं होतं, पण ती ढकलत आणणार कोण? तर बायकांबरोबर घरी बसवलेला खुद्द जयराम. नवीन पँट भिजू नये म्हणून तो नुसत्या चड्डीवर पाण्यात उतरला, आणि मुलगी बघायला आलेल्या मुलालाच आमच्या सबंध गावाने बघून घेतलं. (गावाची पसंती आहे. म्हाताऱ्या बायका तर पुन्हा एकदा बघू म्हणत होत्या.) त्याने एकेकाला ट्यूबवरून नेतो म्हणून सांगितलं. मी ट्यूबकडे पाहिलं, ट्यूबने माझ्या वजनाकडे पाहिलं, आणि मी नको म्हणालो. श्रीपतरावही नको म्हणाले. जयराम परत गेला आणि अंग पुसून पारूच्या शेजारी बसला. दोघांचेही बाप खडकावर अडकलेले असल्यामुळे त्यांना उठवणारं कुणी नव्हतं. मुलामुलींनी एकमेकांना नाव, शिक्षण आणि स्वयंपाक एवढंच विचारायचं असतं, ही दोघं तीन तास बोलत होती. इतका स्वयंपाक कुणाला येतो?

जेवणानंतर श्रीपतरावांनी काठी उचलली. उलटसुलट करून बघितली, दोनदा हवेत फिरवली, आणि तिसऱ्या वेळी दोरी अशी अलगद पाण्यावर ठेवली की चंदरने उठून उभं राहून पाहिलं. तास गेला, दीड तास गेला, आणि एक वीतभर चंदेरी मासा वर आला. दादा, तो माणूस हसला. दात दिसले. मग मासा हातात धरून त्यांनी जरा वेळ पाहिला आणि परत पाण्यात सोडला, आणि तीन शब्द एकदम बोलले, की एवढ्याशाला काय खायचं. चारला पाणी उतरलं आणि आम्ही चालत घरी आलो. दाराशी श्रीपतरावांनी विठाला सांगितलं की मुलगी पसंत आहे, व्याही पसंत आहे, देण्याघेण्याचं बोलायचं नाही. विठा देवापुढे साखर ठेवायला धावली. मी आत जाऊन तांदळाच्या डब्यापाशी उभा राहिलो, आणि डोळ्यांत पाणी आलं ते कोंड्याने आलं असं सांगितलं.

श्रीपतरावांना पट्टीचं पोहता येतं, हे मला संध्याकाळी जयरामकडून कळलं. मग ते सात तास खडकावर का बसले, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

लग्न वैशाखात धरलं आहे. मामा म्हणून पारूच्या पाठीशी तुम्हालाच उभं राहायचं आहे, तेव्हा रजेचा अर्ज आजच टाकावा. चंदरने जयभीम सांगितला आहे, आणि पदूने धोतराचं काय ते विचारलं आहे. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, दाढेस आराम.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा,
कमळाकर

ता. क. देण्याघेण्याचं बोलायचं नाही असं श्रीपतराव म्हणाले हे खरं, पण निघताना त्यांनी एक गोष्ट मागितली. तुमची काठी. नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण माझं तोंड उघडलं की काय होतं ते वर लिहिलंच आहे. काठी कर्जतला आहे. कोरड्या जागी, उभी ठेवली आहे.

आणखी ता. क. खडकावर मी सगळं खरं सांगितलं, एक सोडून. ती काठी माझ्या वडिलांना एका गोऱ्या साहेबाने बक्षीस दिलेली, असं मी आधीच सांगून चुकलो होतो. लग्नात ती तुम्हाला व्याह्यांच्या हातात दिसेल. कृपा करून ओळख दाखवू नये. हे पत्र लिहिण्याचं मुख्य कारण एवढंच.

शेवटचा ता. क. तो मासा पिसांच्या माशीवर आला नाही. श्रीपतरावांनी पदूच्या तंबाखूच्या डबीतलं गांडूळ लावलं होतं. तुमच्या काठीला गांडूळ लागलं, याबद्दल वेगळी क्षमा मागतो.

मामा, मी पारू. पाकिटावर पत्ता घालायला बाबांनी पत्र माझ्याकडे दिलं म्हणून कोपऱ्यात लिहिते. काठीच्या मुठीच्या बुडाशी पितळी टोपण आहे, त्यावर तुमचं नाव, पलटण आणि साल कोरलेलं आहे. बाबा काठी नेहमी टोकाकडूनच बघत आले. माझ्या सासऱ्यांनी ते दुपारी खडकावरच वाचलं. ते कर्जतला घरी म्हणाले की पोहता येत नसताना पोरीसाठी जो नदीत उतरतो, त्याला तिथे सोडून मी कसा जाणार होतो. (हे मला कसं कळलं ते विचारू नका. टपाल कर्जतहूनही येतं.) काठी त्यांनी मुद्दाम मागून घेतली, आमच्या माळ्यावर घूस आहे म्हणून, आणि लग्नाच्या दिवशी ते ती गुपचूप तुमच्या वळकटीत ठेवणार आहेत. पण बाबांना हे कळू देऊ नका. सोमवारपासून मी समोरून गेले की त्यांचे डोळे भरून येतात आणि ते उठून गोठ्यात जातात. वैशाखापर्यंत त्यांना काठीचीच काळजी राहू द्या.