नववा घुमट

२ मार्च, रवि.
वसू गेल्यावर चार महिन्यांनी आज पहिल्यांदा बेसमेंटमध्ये उतरलो. तिचं लाकडी मॉडेल टेबलावर तसंच आहे. स्पेनमधल्या टोलेडोची लहानशी, हजार वर्षं जुनी मशीद, जिचं पुढे चर्च झालं. बाईनं कॉलेजात आयुष्यभर हीच इमारत शिकवली. शनिवारी कॉलेजवाले लायब्ररीसाठी न्यायला येणार. चर्चवाल्यांनी मागाहून जोडलेला अर्धगोल भाग तेवढा अपुरा राहिलाय. मी करतो म्हणालो. स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, न जमायला काय झालं?

३ मार्च, सोम.
अर्धगोल जमला. पाडायचं सोडून जोडलं त्या लोकांनी. नमाजाची दिशा एक, वेदी दुसऱ्या बाजूला. वसू म्हणायची, "भिंती त्याच, माणसं फक्त वळून उभी राहिली."
मशिदीवर तीन-तीनच्या ओळीत नऊ छोटे घुमट. कोपऱ्यातला नववा तिनं शेवटच्या आजारपणात केला. आतल्या कमानी भलतीकडेच गेल्यात. हात थरथरायचा बिचारीचा. लोक हसतील. काढून शेजारच्यासारखा नवीन बसवला, काटेकोर. जुना कचऱ्यात.

४ मार्च, मंगळ.
बर्फ. तरी कचऱ्याची गाडी वेळेवर.

५ मार्च, बुध.
तिची वही सापडली. नऊ चौकोन, नऊ ड्रॉइंग्ज, एकासारखं दुसरं नाही. नववं, तिनं केलं होतं तस्संच. हात थरथरला नव्हता तिचा.
टोलेडोत मान वर करून दाखवत होती, "अहो, बघा ना, नऊही वेगळे!" मी "हो हो, सुंदर" म्हणालो आणि घड्याळ बघितलं. बसची वेळ झाली होती.
तिच्या हातचं शेवटचं काम. कचऱ्याचा डबा मीच रस्त्यापर्यंत लोटत नेला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. दिवसभर जेवलो नाही.

६ मार्च, गुरु.
मीराला शिकागोला फोन करून सांगितलं. पोरगी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, यू थ्रू इट आउट?" ओरडली असती तर बरं झालं असतं. नंतर म्हणाली, "सो मेक इट अगेन. आईचं ड्रॉइंग आहे ना?"
"अगं, पण तो माझा होईल. तिचा नाही."
रडायला लागली. मीही.

८ मार्च, शनि.
सकाळीच कॉलेजात फोन केला, येऊ नका, तयार नाही. कधी होईल विचारलं. कळवतो म्हणालो आणि फोन ठेवला.
माझा घुमट उपटला. कोपऱ्याला भोक पडलं. टॉर्च लावून आत पाहिलं. मधले चार खांब. खरे खांब मशिदीहूनही जुन्या इमारतींतून आणून लावलेले, हे तिच्याकडून शंभरदा ऐकलेलं. तिनं चारही खांबांचे माथे वेगवेगळे कोरलेत, नखाएवढे. छपराखाली कुणाला दिसणार होते? मलाही दाखवले नाहीत. दाखवून दमली असेल.
वहीतल्या नवव्या घुमटाच्या कमानींसाठी लाकडाच्या पातळ पट्ट्या पाण्यात भिजत घातल्यात. वाकवायचा धीर होत नाही.