अग्रशाळेतील कुलूपबंद संगणकाचे बटण दाबून मिळणेबाबत

प्रति,
मा. मामलेदार तथा देवस्थान प्रशासक,
पेडणे तालुका, पेडणे, गोवा.

विषय : देवस्थानच्या अग्रशाळेत बंद पडलेल्या संगणकाचे बटण आपल्या हस्ते एकदा दाबून मिळणेबाबत.

संदर्भ : १) अग्रशाळेच्या दारावरील वरच्या वाड्याचे कुलूप. २) त्याच दारावरील खालच्या वाड्याचे कुलूप.

महोदय,

मी खाली सही करणार सगुण निवृत्ती कांबळी, राहणार मधला वाडा, विनंतीपूर्वक कळवतो की,

१. मी आसपासच्या लोकांच्या वेबसाईट चालवतो. अकरा साईटना अकरा जागी भाडे कशाला, म्हणून मी एकच संगणक घेतला व अकराही नावे त्यावर बसवली. एकाच घरात अकरा बिऱ्हाडे आणि प्रत्येकाची पाटी वेगळी, असा हा प्रकार आहे. यात धारगळचा पोदेर व त्याचे पाव आहेत, डिचोलीचे ट्रकच्या सुट्या भागांचे दुकान आहे, आणि देवस्थानच्या वरच्या व खालच्या वाड्याच्या दोन स्वतंत्र साईट आहेत. आपण शेजारी नांदतो हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हते. संगणक मी भाविकांच्या उतरण्यासाठी असलेल्या अग्रशाळेच्या कोपऱ्यातील खोलीत ठेवला, कारण तिथे लाईट आणि इंटरनेट फुकट होते. हे लिहिताना लाज वाटते.

२. जत्रेत पालखीच्या मानावरून वाद झाला. वरच्या वाड्याचे श्री. महेश व खालच्या वाड्याचे श्री. गोकुळदास यांनी अग्रशाळेला आपापले कुलूप ठोकले. आपला निकाल येईपर्यंत कोणीच उघडणार नाही. संगणक आत चालू होता, म्हणून मी निर्धास्त राहिलो. दि. २० एप्रिल रोजी लाईट गेली व आली. लाईट आल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा अशी सोय असते. ती मी करून ठेवली नव्हती. बॅटरी उगाच खर्च म्हणून घेतली नव्हती. सर्व माहितीची दुसरी प्रत मात्र मी जपून काढलेली आहे. ती त्याच संगणकाच्या डोक्यावर ठेवलेली आहे.

३. साईट बंद पडताच दोन्ही वाड्यांनी एकमेकांवर आळ घेतला. भांडण मिटावे म्हणून मी खरे सांगून टाकले की, आपण दोघेही एकाच डब्यात आहात. तेव्हापासून बटण दाबण्याचा पहिला मान कोणाचा, हा नवा वाद सुरू आहे.

४. नाइलाजाने मी खिडकीच्या गजांतून बांबू घालून बटण दाबू पाहिले. बांबू आरतीला वाजवायच्या घुमटावर बसला. घुमट मातीचे, ते फुटले. त्याबद्दलची तक्रार आपल्याकडे पोचलीच असेल. गेल्या तीन वर्षांत दोन्ही वाड्यांनी मिळून सही केलेला तो एकमेव कागद आहे.

५. एवढ्यावरही मी आपल्याला त्रास दिला नसता. परंतु माझी मुलगी चि. सौ. कां. गौरवी हिचे लग्न १० मे रोजी आहे. छपाईत काटकसर म्हणून मी पत्रिकेवर नावे, तारीख, साईटचा पत्ता आणि "हॉल व मुहूर्त साईटवर पाहावा" एवढेच छापले. अकरावी साईट तीच. सहाशे पत्रिका वाटून झाल्या. कोणाला वाटल्या ती यादीही त्याच संगणकात आहे. फोन करतील त्यांना मी सांगतो, पण बहुतेक लोक त्या दिवशी सकाळी कपडे घालूनच साईट उघडणार. पत्नी शुभांगी मला रोज बोलते, ते रास्तच आहे. गौरवी रोज सकाळी उठून ती साईट उघडून पाहते, आणि ते मला सोसवत नाही.

६. तरी आपण स्वतः यावे, दोन्ही कुलपे आपल्यासमोर एकाच वेळी उघडावीत आणि बटण आपण दाबावे, म्हणजे मान कोणत्याच वाड्याकडे जाणार नाही. बटण गोल असून समोरच आहे. मला आत घेतले नाही तरी चालेल.

आपला विश्वासू व पुरेसा खजील,
(सही)
सगुण निवृत्ती कांबळी
दि. २९ एप्रिल २०२६

सोबत :
१) खोलीचा नकाशा, बटणाच्या जागी फुली.
२) नवे घुमट आणून देण्याची लेखी हमी.
३) लग्नपत्रिका, घरात उरलेली शेवटची. हॉल व मुहूर्त गौरवीने पेनाने लिहिला आहे. पत्रिका वाचून लग्नाला पोचू शकतील असे तूर्त आपण एकटेच आहात, तेव्हा जरूर यावे.