शामलाचं वजन आणि माझी अकरा जिनसांची पूड

३ सप्टेंबर १९७४
दवाखान्यात शामलाला काट्याला टांगलं. दोन वर्षांची पोर, वजन सव्वाआठ किलो. नर्सबाई म्हणाल्या, रोजच्या वरणभातात चमचाभर शेंगदाण्याचा कूट अन् थोडं तेल घालत जा. बस, एवढंच! बाईंचं शिक्षण बेताचं दिसतं. हे काम आता मीच हातात घेणार. टार्गेट : दसऱ्यापर्यंत दहा किलो.

६ सप्टेंबर
फॉर्म्युला तयार. शेंगदाणे, फुटाणे, जवस, तीळ, मेथ्या, शेवग्याचा वाळलेला पाला, शिवाय आणखी पाच. एकूण अकरा जिनसा. बायको म्हणाली, मेथ्या काहून टाकून राहिले? लेकराले कडू लागन ना. सायन्समध्ये चव बघत नाहीत, हे तिला समजावलं.

७ सप्टेंबर, सकाळी ८
पहिला चमचा थुंकला. दुसरा माझ्या शर्टावर. तिसरा पोटात गेला, पण येताना वरणभातही घेऊन आला. कारण उघड आहे. बायकोला चमचा धरता येत नाही.

१२ सप्टेंबर
आजपासून स्वतः भरवतो. गाणं म्हटलं, माकड झालो, शेवटी गाल दाबले. बायको रडली. शामला आता भाकरीलाही नको म्हणते. तात्पुरतं असावं.

२० सप्टेंबर
वजन पावभर कमी. काटा सदोष आहे. लेखी तक्रार करणार.
घरी येताना शामला खांद्यावर झोपली. बरगड्या हाताला लागत होत्या. मी जेवलो नाही. पूड दुप्पट करावी का?

८ ऑक्टोबर
वजन पावणेनऊ! काटा दुरुस्त केलेला दिसतो. शेजारच्या मैनाबाईंना ओट्यावर बसवून फॉर्म्युला सांगितला. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी हापिसात गेले का पोरगी माह्या लेकरायसंग एका ताटात जेवते. वरणभात, शेंगदाण्याचा कूट, वरून तेल. वहिनीनं आणून दिलेली तुमची दुपारची पूड तं पंधरा दिवसापासून आमच्या म्हशीले चालू हाय."
दूध वाढलं का, हे विचारायचं सुचलं नाही.

९ ऑक्टोबर
 
सकाळी शामला अंगणात खेळत होती. माझ्या हातात वाटी नव्हती, काही नव्हतं. नुसतं उचलून घ्यायचं होतं. मला पाहताच तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.