कच्चा रंग

४ फेब्रु.
रिपोर्ट आला. गालाच्या आतला पांढरा चट्टा कॅन्सरच निघाला. नागपूरचे डॉ. म्हणतात, लवकर सापडला, गालाचा तुकडा काढू, लागलं तर जबड्याचं हाड थोडं. थोडं म्हणजे किती? ते सांगत नाहीत. मंगलला फोन लावला. माझी पोरगी नागपुरात कॅन्सरचंच औषध बनवते, आणि मी गाल कापून घ्यायचा? तसं विचारलंच. तर म्हणते, "बाबा, ते अजून उंदरावर आहे. माणसाले देता येत नाही."
"मग उंदीर समज मले."
फोन आपटला. आता काच तडकली म्हणून सौ. बडबडते आहे.

५ फेब्रु.
झोप नाही. गाल कापल्यावर भाकर चावता येईल का. पाणी बाहेर गळेल का. नांदुऱ्यात लोक तोंडाकडे बघतील आणि

९ फेब्रु.
रशीदभाई भेटायला आला. जुना शेजारी, पिढीजात धंदा कापड रंगवण्याचा. मंगल काय करते ते मीच त्याला सांगून ठेवलेलं: असा रंग, की अंगात सोडला तर गाठीत जाऊन बसतो आणि वरून उजेड टाकला की गाठ मरते. तेव्हापासून म्हणतो, "तुमची बेटी आमच्या बिरादरीत आली, भाऊ." आज विचारलं, "रंग पक्का आहे का कच्चा?" मी ठणकावून सांगितलं, पक्का.
संध्याकाळी फोनवर मंगल हसली. "कच्चाच पायजे बाबा. आधीचे रंग कातडीत हप्ते न् हप्ते राह्यतात. पेशंट उन्हात गेला की भाजते. मी लवकर निघून जाणारा करून राह्यली."
बाप इथे मरायला टेकला आणि ही हसते. एवढं शिकून कच्चा रंग! रशीदभाईला काय तोंड दाखवू.

१६ फेब्रु.
नागपूर. ऑपरेशन २६ ला ठरलं. नंतर मंगलच्या प्रयोगशाळेत गेलो. बाटल्यांना चांदीचा कागद गुंडाळलेला, उजेड लागू नये म्हणून. आत हिरवट भुकटी, चिमूटभर. एवढ्यासाठी इतकी वर्षं?
तिने मोबाइलची बॅटरी माझ्या बोटाला खालून लावली. बोट लाल दिसलं. "पाहा, लाल उजेडच आरपार आला. बाकीचा उजेड आतच अडला. म्हून मले लाल उजेडानं जागा होणारा रंग पायजे. खोल जाते."
चांगला रंग आहे ना मग, दे. तर म्हणते, या खेपेचा बिघडला, उजेड न टाकताच पेशी मेल्या.
मी म्हणालो, "मग तर अजून जोरदार झाला!"
"बाबा, अंधारात मारते ते औषध नाही. ते जहर आहे. आजारी पेशी अन् चांगली पेशी, दोन्ही मारते."
सगळ्यांसमोर बोलली. तिच्या हाताखालच्या पोरी बघत होत्या. चहा न घेता निघालो.

१९ फेब्रु.
दिवसभर डोक्यात तेच. मग आठवलं. आईच्या हातावर पांढरा डाग होता, कोड. वैद्य बावचीचं तेल लावून उन्हात बसवायचा. डाग भरला होता, मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे लावायचं औषध आणि वरून उजेड! मंगल करते ते वेगळं काय आहे? आणि माझाही डाग पांढराच. जडीबुटीच्या दुकानातून तेल आणलं. सौ.ला सांगणार नाही.

२० फेब्रु.
गच्चीवर. बोटाने गालात आतून तेल लावलं, दाढीच्या आरशाने ऊन तोंडात घेतलं. कडू जहर. तेल ओठावरून हनुवटीवर ओघळत होतं. सौ. वाळवण घालायला वर आली. "काय सोंग लावलं हो? माकडं पळाले असते तुमाले पाहून!" हाकलून दिली. दुपारपर्यंत बसलो.

२२ फेब्रु.
ओठ सुजला. हनुवटीवर पाण्याचे फोड. आग आग. चट्टा तसाच, जिभेला लागतो. ऊन आत गेलंच नसणार. वैद्य खोटा, दुकानदार खोटा, तेलात भेसळ. सौ. रडते आहे, तिने मंगलला कळवलं. कोणी सांगितलं होतं कळवायला?

२४ फेब्रु.
मंगल आली. माझं तोंड उजेडाकडे फिरवून पाहिलं. मग सुटली. "कोडाले जे लावते ते कॅन्सरले लावलं? वरच्या वर कातडी जाळली तुमी! दाग आतमंधी आहे!"
"तू देत नाही म्हून लावलं!"
"असतं तर दिलं नसतं का बाबा? असतं तर?"
असं ओरडली की रशीदभाई दारात येऊन परत गेला.
तिने डॉ. ना फोटो पाठवले. ते म्हणाले, फोड भरल्याशिवाय हात लावणार नाही. तारीख गेली. तोवर आतलं थांबणार आहे का, हे विचारायची हिंमत झाली नाही. मंगलनेही विचारलं नाही. म्हणजे तिला माहीत आहे.

८ मार्च
खपल्या पडल्या. उद्या भरती. मंगल न्यायला आली आहे. जेवताना म्हणाली, काढलेला तुकडा तपासणीपुरता घेऊन उरलेला तिच्या प्रयोगशाळेला मिळू शकतो, मी हो म्हटलं तरच. नवीन खेप त्यावर घालून पाहायची आहे, खऱ्या माणसाच्या गाठीत रंग किती बसतो ते. उंदरात ते नीट कळत नाही म्हणे.
वा. मला औषध द्यायला नाही, आणि माझा गाल मात्र पाहिजे.
"जबरदस्ती नाही बाबा. डॉक्टर तुमालेच इचारतीन, मी समोर राह्यणार नाही."
मी हात धुवायला उठलो. सौ. म्हणाली, "सांगा न् हो तिले काई तरी, पोरगी ताटावर बसून आहे." मंगलने भाताला हातच लावला नव्हता.
गाडी सकाळची आहे. हो म्हटलं तर लगेच तिचा चेहरा खुलेल, आणि मला अजून तिचा राग आहे. म्हणून अजून म्हटलेलं नाही.