लाल लघवी आणि राणीची सोयरीक

पेडगाव, ९ जानेवारी २०२५

ती. धुरपदाअक्कांना तानूचा शि. सा. न. वि. वि.

शेजारच्या परमेश्वरच्या हाती चिठ्ठी धाडायलेय. तुमाला कमी ऐकू येतंय; त्यानं वरडून सांगितलं असतं तर सगळ्या राणीसावरगावला कळलं असतं.

तुमच्या भावाला लघवी लाल व्हायलीय. तुमी बीट खायला सांगितलं, त्याचाच रंग म्हणायलेत. मी बीट बंद केलं, तरी लालच. लिवर तर काविळीनं आधीच खराब, दारूचा थेंब न्हाई. पण दवाखान्याचं नाव काढलं की म्हणतात, आपल्या राणीची सोयरीक ठरायलीय, लिवर म्हणलं की मुलाचे वडील रंगनाथराव मला बेवडाच समजतील. आता चक्कर बी यायलीय. मला लय भ्याव वाटायलंय. ते तुमचंच ऐकतील. माया असू द्या.

आपली भावजय,
तानू

राणीसावरगाव, ९ जानेवारी, सांजच्याला

चि. आश्रुबास आशीर्वाद.

लेकीचं लगीन लावायचंय, का तिला बिनबापाची करून धाडायचंय? रंगनाथरावाला मीच फोन लावून सगळं सांगितलं. ते काय बोलले ते मला ऐकू आलं न्हाई, म्हणून भांडण बी झालं न्हाई. उद्या पहिल्या गाडीनं परभणी गाठ. न्हाईतर मी येते, आन कशाला आले ते पेडगावच्या पारावर मोठ्यानं सांगते.

रागावली तरी तुझीच,
अक्का

संभाजीनगर, १८ जानेवारी

ती. अक्कास दंडवत.

परभणीत नको त्या वाटेनं दुर्बीण घातली. लिवर कडक झालं की रक्त आडवाटेनं फिरतं, कालव्याचं दार अडलं की पाणी शेजारच्या रानात घुसतं तसं. शिरा बहुतेकांच्या अन्ननळीत फुगतात. माझ्या मूत्राशयात फुगून फुटल्या. असं क्वचितच दिसतं म्हणून बघायला इतके डॉक्टर जमले, की तानू चहाचं इचारायली होती. आणखी थांबलो असतो तर वाचलो नसतो म्हणे. मग इथं धाडलं. रक्त चढवलं, तार घालून आतून शिरा बंद केल्या. आता लघवी साफ हाय. लिवर मात्र तेच, जपावं लागंल.

काल रंगनाथराव आले, तोंड उतरलेलं. मला वाटलं, मोडली सोयरीक. तर कानाशी येऊन म्हणाले, त्यांना बी लाल व्हायलीय, आन सोयरीक मोडंल म्हणून त्यांनी बी लपवलं! तपासलं, तर मुतखडा. आता दोघं व्याही शेजारशेजारच्या खाटांवर पडलोत. साखरपुड्याची तारीख आमाला दोघांना सुट्टी मिळाल्यावरची धर.

लोभ हायच, धाक बी ठेव.

तुझा,
आश्रुबा