आवळलेले टॅपेट

मंगळवार, ९ तारीख

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. मी बरी आहे. तुझं पत्र काल दुपारी मिळालं. पहिल्या ओळीत ‘ताई, कशी आहेस’ आणि दुसरीत ‘टॅपेट किती दिवसांनी सेट करायचे’. चला, कामापुरती का होईना, बहीण आठवली म्हणायची!

विचारलंस म्हणून सांगते. तुझ्या सासऱ्यांच्या त्या जुन्या गाडीला वीस हजार किलोमीटरला एकदा व्हॉल्व्हचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा टॅपेट यांच्यातलं बारीक अंतर, तपासायचा. गाडी कमी फिरत असेल तर वर्षातून एकदा. इंजिन पूर्ण थंड हवं. प्रत्येक व्हॉल्व्हच्या टोकावर मापाची पट्टी घालायची, ती किंचित अडखळत सरकली पाहिजे. धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा गॅप जरा जास्त ठेवायचा, कारण तो जास्त तापतो. हे बाबा तुला दर सुट्टीत शिकवायला जायचे आणि तू ‘हात काळे होतात’ म्हणून घरात पळायचास.

पण तू तर आधीच काम उरकून बसला आहेस. टकटक येत होती म्हणून टॅपेटचे सगळे स्क्रू गच्च आवळले, आता इंजिन चालू आहे की बंद तेही कळत नाही, सासरे खूश. शाब्बास रे पठ्ठ्या!

अरे, टकटकणारा टॅपेट नुसती कटकट करतो. आवळलेला गप्प बसून व्हॉल्व्ह जाळतो. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबतो, मग तो पुरता मिटतच नाही, आणि पेटलेला गॅस त्या फटीतून त्याची कड खात सुटतो. गावातल्या गावात काही दिवस निभावेल. घाटात नाही.

आणि सासरे उद्या सकाळी याच गाडीने घाट चढणार आहेत. ही फेरी नीट झाली की त्यांच्या कंपनीच्या सगळ्या गाड्या तुझ्याकडे येणार, म्हणजे बाबांचं गॅरेज तरेल, नाहीतर शटर ओढावं लागेल, असंही तूच लिहितोस.

बाईमाणूस गॅरेजात शोभत नाही, हे याच गृहस्थांचं म्हणणं ना? मी इस्पितळात बाबांच्या उशाशी बसले होते आणि तुम्ही दोघांनी गॅरेजचं कुलूप बदललंत. माझी हत्यारं पोत्यात भरून जिन्याखाली टाकलीत. बाबा रोज विचारायचे, आज शटर कोणी उघडलं? मी सांगायचे, धाकट्याने. त्यांना किती बरं वाटायचं! मला मात्र तुझा गळा दाबावासा वाटायचा. अजून वाटतो.

कालच फोन केला असता, तर तू संध्याकाळपर्यंत स्क्रू सैल करून घेतले असतेस. फोन हातात घेतलाही होता. मग खाली ठेवला, आणि आज सावकाश हे पत्र लिहायला बसले. साध्या टपालानं टाकते आहे. तुझ्या हातात पडेल तोवर सासरे घाटात बसून तुझा उद्धार करून दमलेले असतील. माझं उत्तर मात्र अगदी बरोबर आहे, कोणत्याही मेकॅनिकला दाखव.

तू खाली ‘तुझा लाडका भाऊ’ असं लिहिलं आहेस. मला तसं काही सुचत नाही.

बहीण