तीन तारांची तजवीज

मी, पुष्पा रविंद्र करबट, वय सहासष्ट, निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार सरावली, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या अंगणातल्या मांडवात बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. घरात बसून लिहिले असते, पण नोव्हेंबरपासून जमीन हलते आहे आणि मधल्या खोलीच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी फितवलेले किंवा धमकावलेले नाही. तसे करू शकेल असा माणूस आमच्या घरात जन्मलेला नाही.

पुढच्या आठवड्यात मुंबईला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, बहुतेक सगळं नीट होईल." माझ्या शाळेत 'बहुतेक' असे उत्तर लिहिणाऱ्याला मी शून्य देत असे. म्हणून हा कागद. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर करायला वेळ मिळेल असे दिसत नाही.

कलम १. सरावलीचे घर मी माझ्या पगारातून बांधले. ते मी माझी मुलगी वर्षा हिला देते. मात्र माझे पती रविंद्र हयात आहेत तोवर ते याच घरात राहतील. तोवर घर विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही, आणि भिंत दुरुस्त करायच्या निमित्ताने त्यांना दुसरीकडे हलवता येणार नाही. भिंत त्यांच्यासकट दुरुस्त करावी.

मुलगा सुनिल वापीला असतो. घर त्याला का दिले नाही, असे तो विचारील. दिवाळीला तो मला म्हणाला होता, "आई, बाबांना आता काही कळत नाही. कुठेही ठेवलं तरी त्यांना सारखंच." या वाक्यामुळे दिले नाही. त्यांना कळते की नाही ते कलम ४ मध्ये आहे. ते सुनिलने दोनदा वाचावे.

कलम २. बँकेतली आणि पोस्टातली शिल्लक दोन्ही मुलांनी सारखी वाटून घ्यावी. त्यावरून भांडण होईल असे मला वाटत नाही. दोघेही आळशी आहेत. माझी पुस्तके सुनिलला. त्यातले एकही त्याने उघडलेले नाही, आता उघडावे. त्याने बाबांसाठी पाठवलेली नवी गिटार त्याची त्याला परत. आवाज चांगला आहे, वस्तू महाग आहे, पण यांनी ती पहिल्याच दिवशी भिंतीकडे तोंड करून ठेवायला लावली.

कलम ३. शिवणयंत्र गंगीला. गंगी सकाळ-संध्याकाळ येते, यांना उठवते, बसवते, अंग पुसते. ती माझ्याशी हुज्जत घालते, पण यांच्या अंगाला हात लावताना आधी हात चोळून ऊन करते. ती राहायला तयार असेल तोवर वर्षाने तिला ठेवावे आणि तिला शिकवायला जाऊ नये. मी ते करून पाहिले आहे.

कलम ४. गिटार.

ही गिटार यांच्या वडिलांना मिळाली. ते चिकूच्या एका वाडीवर राखणदार होते. वाडीची पारशी मालकीण परदेशी निघाली तेव्हा जाताना ती यांच्या वडिलांच्या हातात देऊन गेली. गिटार जर्मन आहे, यांच्याहून वयाने मोठी आहे. हे पोस्टात नोकरी करीत आणि संध्याकाळी ती वाजवीत. मला त्यातले काही कळत नसे. वह्या तपासताना मी दार लावून घेई.

तीन वर्षांपूर्वी यांना झटका आला. उजवे अंग गेले, वाचा गेली. डोके गेले नाही. चित्रांचा तक्ता आणून दिला: पेला, ताट, खाट. यांनी तो डाव्या हाताने अंगणात भिरकावला. घंटा आणली. घंटेला एकच शब्द येतो. ती वाजली की मी आधी पाणी घेऊन जाई, मग भांडे, मग औषध, आणि हे नुसते मान हलवीत बसत. असे कितीतरी दिवस गेले. दोघेही रडकुंडीला आलो. मग एकदा गंगीने गिटार पुसून यांच्या मांडीवर ठेवली आणि यांनी डाव्या अंगठ्याने सर्वांत जाड तार छेडली. उजव्या खांद्याकडे पाहून पुन्हा तीच छेडली. खांदा दुखत होता.

त्यानंतर मी रीतसर शिकवले. जाड तार म्हणजे दुखतंय. तिच्या खालची, पाणी. मग भूक. मग लघवी. मग नको. गंगी दारात उभी राहून हसत होती. "मास्तरीणबाय, तुमी बाबांना पण परीक्षेला बसवलां." बसवले, आणि ते उत्तीर्ण झाले.

सहावी, सगळ्यांत बारीक तार मी रिकामी ठेवली होती. तिला शब्द यांनी दिला. मी दुसऱ्या खोलीत असले की ती वाजते. मी समोर गेले की थांबते. आमच्यात नवरा बायकोचे नाव घेत नाही. चाळीस वर्षे मी 'अगो' होते आणि 'वर्षाची आयस' होते. मीही त्यांचे नाव फक्त कागदावर लिहिते. त्या तारेचा शब्द कोणता, हे मी कोणाला सांगितलेले नाही. गंगीला न सांगता कळले. ती वाजली की ओरडते, "बाय, तुमचां नाव घेतात."

सुनिल, आता हे कलम पहिल्यापासून पुन्हा वाच.

कलम ५. माझे दीर लडक्या यांच्याबद्दल.

या हिवाळ्यातल्या एका मोठ्या धक्क्याने कपाट कलले आणि गिटार खाली आली. पाठीचा सांधा उसवला आणि घोडी, म्हणजे तारा जिच्यावर बांधतात ती पट्टी, एका कडेने वर उचलली. जुना सरस वाळून भुगा झाला होता. धक्का निमित्त झाला. मी वर्षाकडे कैनाडला एक रात्र गेले होते. लडक्या भाऊजी भावाजवळ राहायला तलासरीच्या पाड्यावरून आले होते. ते तारपा, म्हणजे भोपळ्याचे आणि बांबूचे फुंकवाद्य, बनवतात आणि चांगला बनवतात. सकाळी मी परत आले तर गिटारीच्या सगळ्या फटी बुजलेल्या, बोट फिरवले तर गुळगुळीत. भाऊजी खूश.

"काय लावलंत?"

"मेण. रानातला, चोख. तापवून आतपावत मुरवला, वहिनी."

"कोणी सांगितलं?"

"सांगायचा काय? मना वाटला, जोड सुटला त मेण लावावा. माजा तारपा मेणावरच उभा हाय. सुटला का तापवायचा, परत लावायचा."

भोपळा आणि बांबू मेणावर उभे राहतात, कारण त्यांना कोणी ओढत नाही. सहा तारा माणूस ओढावा तशा ओढतात. दुपारच्या उन्हात मेण मऊ झाले आणि घोडी पुन्हा उचलली, पहिल्याहून जास्त.

मी ती घेऊन वलसाडला हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीकडे गेले. त्याने घोडीखाली नख घातले, वास घेतला आणि माझ्याकडे असे पाहिले की मीच गुन्हेगार.

"बेन, हे मीण कोणी घातला?"

"घरच्यानं."

"जुना सरस असता ना, तर नवा सरस त्याला पकडला असता. आता लाकूड मीण पिऊन बसला. ह्याला काय पण धरणार नाय."

"बोल्ट मारता येईल?"

"मारतो. पण वरची पाटी चिरेल, तर मग माझ्याकडे नाय यायचा."

मी बोल्ट मारू दिला नाही. सुनिलने फोनवरून सांगितले, "आई, दोन नळ्यांचा गम मिळतो, तो मार, दगडसुद्धा चिकटतो." दगड चिकटतो. मेण प्यालेले लाकूड चिकटत नाही. तोही लावून पाहिला.

लडक्या भाऊजींना मी यांचे पोस्टातले घड्याळ आणि लोकरीचा कोट देते. त्यांनी वाईट हेतूने काही केले नाही हे मला मान्य आहे. माझा राग मात्र मी सोबत नेत नाही, तो त्यांच्यासाठी इथेच ठेवते. गिटारीला त्यांनी पुन्हा हात लावायचा नाही. भावाला भेटायला हवे तेव्हा यावे, तारपा घेऊन यावे. हे ऐकतात आणि डावा पाय हलवतात.

कलम ६. मी जे जे केले ते इथे नोंदवते, म्हणजे माझ्यामागे कोणी तेच करून दिवस वाया घालवणार नाही. तापवलेल्या सुरीने घोडी पूर्ण सोडवली. टिपकागद ठेवून वरून इस्त्री फिरवली. कागद पिवळा होई, नवा ठेवी, तोही पिवळा होई. रॉकेलने पुसले. खरवडले. सरस रात्रभर भिजवून, पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून मंद शिजवला, कारण उकळला तर त्याचा जीव जातो. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी घोडी आवळून बांधली. तारा नव्हत्या तितके दिवस यांच्याजवळ एकही शब्द नव्हता. मी रात्रंदिवस शेजारी बसून तोंडाकडे पाहत असे आणि चुकत असे. सांधा धरला. तारा चढवल्या. यांनी पहिली छेडली ती बारीक. दोन दिवसांनी जमीन हलली आणि घोडी सुटली. मी पुन्हा सगळे केले. पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा मी सरस शिजवताना रडत होते आणि गंगी म्हणाली, "बाय, भांड्यात पडतां."

या खेपेस तारा सैल चढवून पाहिल्या. यांनी छेडली, ऐकली, आणि गिटार बाजूला सारली. तो आवाज म्हणजे तो शब्द नव्हता.

मी पुन्हा वलसाडला गेले. मिस्त्री म्हणाला, "तीन तार ठेवा. तीन ओढतील तेवढा हे झेलेल. सहा नाय."

कलम ७. म्हणजे सहांपैकी तीन शब्द. नवऱ्याजवळ कोणते तीन शब्द राहू द्यायचे, हे बायकोने ठरवायचे. मी ठरवले. मी आयुष्यभर ठरवतच आले आहे. दुखतंय हवेच. पाणी हवेच. नको हवे, कारण ज्याला नको म्हणता येत नाही त्याला लोक काहीही करतात. भूक वेळेवर भागवता येते, लघवीला गंगी विचारू शकते. आणि मी मुंबईहून परत आले नाही, तर बारीक तारेचा शब्द कोणाच्याच कामाचा नाही. तीच आधी काढायची.

काढायला बसले तेव्हा यांनी माझा हात बाजूला केला आणि बारीक आणि जाड अशा दोन्ही तारा एकदम छेडल्या. मला वाटले, मला हाक मारून दुखते असे सांगताहेत. गोळी आणली. यांनी 'नको' छेडली. पुन्हा त्याच दोन एकदम. मी खांदा चोळू लागले. नको. हे माझ्याकडे बघत राहिले आणि पुन्हा त्याच दोन. तेव्हा कळले. ते सांगत नव्हते, विचारत होते.

झडपेचे मी यांना सांगितले नव्हते. घरात कोणी सांगायचे नाही, अशी सक्त ताकीद होती. मी म्हटले, "हो. दुखतं. आठवड्यानं कापणार आहेत."

मग मी एकेका तारेवर बोट ठेवून विचारले, ही ठेवू का. यांनी दर वेळी बारीक छेडली. मी म्हटले, "मी नसले तर ती कोणासाठी?" तीच छेडली. मी आवाज चढवला. "पाणी सोडायचं आणि ही ठेवायची? अक्कल आहे का?" 'नको' छेडली, आणि मग पुन्हा बारीक.

म्हणून माझी पहिली निवड रद्द करून या मृत्युपत्राने ठरवते ते असे. तीन तारा राहतील: दुखतंय, नको, आणि बारीक. पाण्याची तार काढली आहे, म्हणून पाणी न मागता द्यायचे. उन्हाळ्यात जास्त वेळा. विसरल्यास सबब ऐकली जाणार नाही. ऐकायला मी नसेन, तरीही.

बारीक तार वाजली की घरात जो असेल त्याने उठावे. वर्षाने, गंगीने, सुनिल आला असेल तर सुनिलने. खोलीतून ओरडून "काय पाहिजे?" असे विचारू नये. यांच्या समोर जाऊन बसावे. मी नाही हे यांना समजावू नये, ते मी स्वतः सांगितले आहे. गप्प बसावे. हात थंड असतील तर आधी चोळावेत.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वर्षा करील.

घोडी तीन ताराही झेलू शकली नाही आणि आणखी एक काढावी लागली, तर ती कोणती, हे मला ठरवता आलेले नाही. चार दिवस हे कलम कोरे ठेवले होते. दुखतंय काढू शकत नाही. नको काढू शकत नाही. तिसरीबद्दल मला विचारू नये. कायद्याला अपुरे कलम चालत नसेल तर एवढे कलम रद्द समजावे. बाकी मृत्युपत्र कायम.

वरील मजकूर मी लिहिला, मीच मोठ्याने वाचून पाहिला, आणि खालील दोन साक्षीदारांच्या देखत सही करते. साक्षीदारांना यातून काहीही मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे.

सही: पुष्पा रविंद्र करबट

साक्षीदार:
१. दक्षा संदीप भोये, शिक्षिका, सरावली (सही)
२. धाकल्या जान्या वरठा, शेती, कैनाड (सही)

स्थळ: सरावली, ता. डहाणू, जि. पालघर
दिनांक: १७ फेब्रुवारी २०१९